थँकफुल पेल्टनचा दगड

१

थँकफुल पेल्टनची कबर जागेवर होती, दगड नव्हता.

ओहायोहून आलेलं पत्र हातात धरून हेस्टर लव्हेल त्या मोकळ्या जागेकडे बघत उभी होती. डावीकडे कॅप्टन जोथम पेल्टन, हार्कनेस गावाचा संस्थापक, सहा फुटी पाटीखाली झोपलेला. त्याच्या पलीकडे त्याची पहिली बायको. अलीकडे ही दुसरी, थँकफुल. तिच्या काळ्या पाटीवर पंख असलेला एक चेहरा कोरलेला होता, तो हेस्टरनं लहानपणापासून पाहिला होता. खाली काय लिहिलंय ते मात्र तिनं कधी वाचलं नव्हतं. दगडफूल इतकं चढलं होतं की गावात कुणीच ते वाचलेलं नव्हतं.

नवल चोरीचं नव्हतं, खड्ड्याचं होतं. खड्डाच नव्हता. दोन माणसांनी धापा टाकत उचलावा असा दगड, त्याचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडलेला. तो उपटून नेला तर भगदाड पडायला हवं. इथे जमीन सपाट होती. तीन आठवडे पाऊस नव्हता, त्यामुळे गवताला ठिकठिकाणी पिवळे चट्टे पडले होते, एवढंच. फाटकाला साखळी होती आणि आत गाडीच्या चाकाची एकही खूण नव्हती.

हेस्टर तीस वर्षं गावची टाउन क्लार्क होती. जन्म, मृत्यू, लग्नं, जमिनी, सगळं दप्तर तिच्या ताब्यात. देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होणार म्हणून गेलं वर्षभर सगळ्या गावाला पूर्वजांचा ताप चढला होता. रोज कुणीतरी तिच्या खिडकीशी येऊन खापरपणजोबा मागायचं. घोडेचोर कुणालाच नको होता, वेडा नको होता, उपाशी मेलेला तर नकोच. सगळ्यांना कॅप्टन हवा होता. हेस्टरला या प्रकाराचा वीट आला होता.

पत्र टीसडेल नावाच्या निवृत्त मास्तरांचं होतं. "मी क्रेन घराण्यातला. आजोबा म्हणायचे, थँकफुल मूळची कोण ते तिच्या दगडावरच लिहिलंय. कृपया वाचून कळवावं. एप्रिलमध्ये तुमच्या गावच्या इतिहासकार मिस अपहम यांनाही लिहिलं होतं, उत्तर आलं नाही."

"शोधू नकोस," मागून आवाज आला. ऑरिन बक, दफनभूमीचा राखणदार, टोपी मागे सारत उभा होता. "मे महिन्याच्या शेवटी सैनिकांच्या कबरींवर झेंडे लावायला आलो तेव्हाच नव्हता तो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"उत्सव समितीच्या अध्यक्षाला, वेंडेल क्रेनला सांगितलं. तो म्हणाला गप्प बस, उत्सवाआधी बोभाटा नको. म्हणाला, कुणी केलं ते त्याला माहीत आहे." ऑरिननं टेकडीवरच्या पांढऱ्या घराकडे हनुवटी उडवली. "शुक्रवारी पंचांसमोर सांगणार आहे. म्हणतो, डॉर्कस विलेटनं नेला."

२

टेकडीवरचं ते घर कॅप्टननं बांधलेलं. शेवटची पेल्टन म्हातारी १९११ साली वारली आणि घर गावाला देऊन गेली, एका अटीवर: घर सांभाळायला आत राहील ते माणूस कॅप्टनच्या रक्ताचं असावं. तिनंच डॉर्कसच्या आईला तिथे ठेवलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही, कारण विलेट लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या घरात राबतच होते. आईमागून डॉर्कस. आता ती एकाहत्तर वर्षांची होती, जन्म त्याच स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीतला. आणि मे महिन्यात वेंडेल क्रेननं एक जुना कागद काढून दाखवला होता, की कॅप्टनच्या रक्ताचे आम्ही क्रेन आहोत. शुक्रवारी पंच त्यावर निर्णय देणार होते. डॉर्कसकडे कागद नव्हता.

डॉर्कस स्ट्रॉबेरीचा मुरंबा बाटल्यांत भरत होती.

"बस. पण टेबलाला हात लावू नकोस, चिकट आहे."

"डॉर्कस, थँकफुलचा दगड गेलाय."

"कळलं मला. मी नेला म्हणे." तिनं डावानं कढईच्या कडेवरचा फेस काढला. "एवढी ताकद असती तर आधी वेंडेलला उचलून ओढ्यात टाकला असता. आणि राग काढायचाच तर बिचारी थँकफुल कशाला? कॅप्टनचा दगड फोडला असता की."

"कॅप्टनवर तुझा का राग?"

डॉर्कसनं डाव खाली ठेवला. "आई म्हणायची, आपण त्याचेच आहोत. पण मोठ्यानं बोलायचं नाही. शाळेत मी एकदा बोलले, तर लॅव्हिनिया अपहमनं, तेव्हा ती आम्हाला शिकवायची, मला सगळ्या वर्गासमोर साबणानं तोंड धुवायला लावलं."

"आई असं कशावरून म्हणायची?"

"तिच्या आजीवरून. आम्हा लोकांचा कागद कोण जपतो ग? तुझ्या त्या तिजोरीत आमचा पहिला माणूस जोब विलेट. आईचं नाव सायलेन्स. बापाच्या जागी काय आहे?"

हेस्टरला पाठ होतं. बापाच्या जागी रेघ होती. जोबपासून डॉर्कसपर्यंत साखळी अखंड होती, फक्त वरची कडी नव्हती.

"मला कॅप्टन नकोय," डॉर्कस म्हणाली. "मला ही खोली हवीय. आई इथे गेली, मलाही इथेच जायचंय. वेंडेल इथे पाहुण्यांसाठी खानावळ काढणार आहे, माहितीये? माझ्या खोलीत कपबशा धुणार." तिनं बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "तू तीस वर्षं सगळ्यांचे बाप शोधून देतेस. माझा एक शोध ना. तीन दिवस आहेत."

३

वेंडेल क्रेन विमा विकायचा, आणि जन्मशताब्दी, द्विशताब्दी असं काही असलं की समितीचा अध्यक्ष व्हायचा. टेबलावर त्यानं काचेखाली तो कागद ठेवला होता. जुन्या बायबलमधलं सुटं पान, तपकिरी शाई, वळणदार अक्षर.

"सापडलं कुठे?"

"मिस अपहमनी आमच्या घराण्याची जुनी खोकी अभ्यासाला नेली होती. मे महिन्यात परत केली. त्यात!" तो हातावर हात चोळत म्हणाला. "देवाची कृपा."

"वाच बरं मला. चष्मा विसरलेय," हेस्टरनं थाप मारली.

वेंडेल घसा खाकरून उभाच राहिला. "ऐक. सबमिट हे मुलीचं नाव. 'सबमिट, कॅप्टन जोथम पेल्टन यांची कन्या. विवाह, १७८८, अफाहेल क्रेन यांच्याशी.' अफाहेल म्हणजे आमचा मूळपुरुष!"

हेस्टरनं हसू दाबलं. त्या काळच्या लिखाणात शब्दाच्या मधला एस लांब ओढत, नवख्याला तो एफ वाटतो. माणसाचं नाव असाहेल. हा गृहस्थ ज्याच्या जिवावर घर गिळायला निघाला होता, त्याचं नाव त्याला वाचता येत नव्हतं.

"आणि नुसतं हेच नाही," वेंडेल म्हणाला. "कॅप्टनचं मृत्युपत्र तुझ्याच तिजोरीत आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय, 'माझा सन-इन-लॉ क्रेन यास वरची जमीन.' मिस अपहमच्या पुस्तकात छापलंय ते. सन-इन-लॉ. जावई! जावई आहे म्हणजे मुलगी असणार. आता मुलगी सापडली."

"वेंडेल, डॉर्कस जाणार कुठे?"

"काउंटीचा वृद्धाश्रम चांगला आहे. टीव्ही आहे." त्यानं हेस्टरकडे डोळे बारीक करून पाहिलं. "आणि दगड चोरणाऱ्या बाईची फार काळजी करू नकोस. थँकफुल कॅप्टनची बायको. आमच्या घराण्याचा अपमान करायला नेलाय तिनं तो."

"मग मे महिन्यात का नाही बोंब मारलीस?"

"शुक्रवारी जास्त उपयोगी पडेल," वेंडेल म्हणाला. वर हसला.

हेस्टर बाहेर आली तेव्हा तिला हात धुवावेसे वाटत होते. पण एक गोष्ट नक्की झाली होती. बायबलच्या पानावर प्रत्येक लांब एस बिनचूक जागी होता. ते ज्यानं लिहिलं त्याला तो वळवता येत होता, आणि वेंडेलला तो वाचताही येत नव्हता. पान त्यानं लिहिलेलं नव्हतं. फक्त ते कुठून आलं हे विचारायचं त्यानं कटाक्षानं टाळलं होतं.

४

मिस लॅव्हिनिया अपहम अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि वेताच्या खुर्चीत ताठ बसायच्या. १९३८ साली त्यांनी गावच्या आद्य घराण्यांचा ग्रंथ छापला. त्यावरून आद्य घराण्यांच्या कन्यांची संस्था निघाली, देशभर अकराशे सभासद झाल्या, सगळ्यांच्या छातीवर सोन्याची छोटी पिन. मिस अपहमच्या ब्लाउजवर पहिल्या नंबरची. आजी क्रेन होती म्हणून.

गावात नवा माणूस दिसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही कुणाचे?" टपालवाला बदलून आला तेव्हा त्याच्या आजोळापर्यंत पोहोचल्याशिवाय त्यांनी पाकीट घेतलं नव्हतं.

"ये, हेस्टर. पायपुसण्याला पाय पूस." व्हरांड्यात गुडघे टेकायची उशी, खुरपं आणि टोपली ठेवलेली होती. "मी आत्ताच आलेय. कॅप्टनसाहेबांभोवती फार तण माजलं होतं."

"तुम्ही अजून रोज जाता?"

"मी नाही तर कोण जाणार? ऑरिन बक?" त्यांनी नाक मुरडलं. "त्याची पणजी कालव्यावर कपडे धुवायची."

"थँकफुलचा दगड गेलाय, ठाऊक असेल."

"भयंकर. पण रक्त शेवटी बोलतं. विलेट लोकांकडून दुसरी अपेक्षा काय करायची?"

"त्यावर काय लिहिलं होतं? तुम्ही ग्रंथात सगळे दगड उतरवून घेतलेत, हा नाही."

"वाचण्यासारखा राहिलाच नव्हता. तेव्हाही नाही."

हेस्टरनं सहज बोलावं तसं म्हटलं, "त्याबद्दल मला एक पत्र आलंय. क्रेनांच्या वंशातलं कुणीतरी विचारतंय."

मिस अपहमनी चहाची किटली उचलली. "लोकांना भलते उद्योग," त्या म्हणाल्या, आणि चहा ओतला. "साखर?"

हेस्टरनं दोन चमचे घेतले, इकडचं तिकडचं बोलली आणि उठली. पायऱ्या उतरून ती फाटकाशी थांबली. जी बाई टपालवाल्याचं आजोळ काढते, तिनं क्रेन वंशातला माणूस पत्र लिहितोय हे ऐकून तो कोण, कुठला, कुणाचा, काहीसुद्धा विचारलं नव्हतं.

५

पण अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई दोन माणसांचा दगड नेणार कशी?

बुधवारी सकाळभर हेस्टर याच प्रश्नावर अडली होती. ऑरिनला सांगून नेला म्हणावं, तर ऑरिनच्या पोटात गोष्ट तासभर टिकत नाही. गाडी नाही, साखळी तशीच, खड्डा नाही. दुपारी डोकं चालेना तेव्हा ती पुन्हा दफनभूमीत गेली आणि ओक वृक्षाच्या सावलीत बसून नुसती गवताकडे बघत राहिली.

बाकीचे पिवळे चट्टे वेडेवाकडे होते. थँकफुलच्या जागेपुढचा एक चट्टा मात्र चौकोनी होता. एका बाजूला गोलाई, दोन बाजू सरळ.

"ऑरिन!" ती ओरडली. "फावडं आण!"

ऑरिन आला. "काय झालं?"

"गवत कुठे आधी वाळतं?"

"खाली खडक असला तर. माती पातळ ना, मुळांना ओल मिळत नाही."

"मग इथे खोद. हळू."

चार बोटं माती निघाली आणि फावडं खणकन वाजलं. दगड कुठेही गेलाच नव्हता. पुढची माती थोडी थोडी उकरून त्याला तोंडावर निजवलं होतं, मागच्या खड्ड्यात तीच माती भरली होती आणि वर गवताची ढेकळं जशीच्या तशी परत बसवली होती. त्याला ताकद लागत नाही. खुरपं लागतं, गुडघ्याखाली उशी लागते, आणि रोज तिथे गुडघे टेकून बसलं तरी कुणी वळून बघू नये इतकी वर्षांची सवय लागते.

ऑरिननं पहारीनं दगड उलटवला. मातीत दोन महिने दडपून राहिल्यानं दगडफूल सुटून आलं होतं. हेस्टरनं खिशातला रुमाल ओला करून पुसलं आणि अक्षरं वर आली.

"मिसेस थँकफुल. कॅप्टन जोथम पेल्टन यांची दुसरी पत्नी. पूर्वीची मिस्टर असाहेल क्रेन यांची विधवा. मृत्यू १७९१."

"असाहेल?" ऑरिन डोकं खाजवत म्हणाला. "तो तर जावई ना? स्वतःच्या जावयाची विधवा सासऱ्यानं केली?"

"नाही रे बाबा. असाहेल दोन. बाप आणि मुलगा. बाप मेला, विधवा थँकफुलनं कॅप्टनशी लग्न केलं, आणि मुलगा असाहेल आईचं बोट धरून आला." हेस्टर टाचांवर बसली. "त्या काळात सन-इन-लॉ म्हणजे नुसता जावई नव्हे. लग्नामुळे कायद्यानं झालेला मुलगा तो सन-इन-लॉ, म्हणजे सावत्र मुलगासुद्धा! मिस अपहमनी अडतीस साली आजच्या अर्थानं वाचलं, जावई. आणि जावई आहे म्हणून नसलेली मुलगी जन्माला घातली."

"म्हणजे क्रेनांमध्ये कॅप्टनचं रक्त..."

"थेंबभर नाही. वेंडेलमध्ये नाही, मिस अपहममध्ये नाही, त्या पिनवाल्या बायकांमध्येही नाही."

ऑरिन खो खो हसायला लागला. हेस्टरला हसू येईना. डॉर्कसला कपबशांच्या पाण्यात बुडवायला निघाले होते ते एका शब्दाच्या चुकीसाठी. आणि वेंडेलचा दावा पडला तरी डॉर्कसचा उभा राहत नव्हता. रक्त कुणाचंच नाही ठरलं तर घर विकायचं, असं त्या अटीत पुढे लिहिलेलं होतं.

मग तिच्या डोक्यात आलं: ही बाई वस्तू नष्ट करत नाही. तोंडावर निजवते. आणखी काय निजवलंय हिनं?

६

गावच्या दप्तरात गरिबांची वही म्हणून एक जाडी वही होती. ग्रंथ लिहिताना मिस अपहमनी ती वर्षभर घरी नेली होती, पावती अजून आत होती. हेस्टरनं १७८९ साल काढलं. जोब विलेटचा जन्म त्याच वर्षीचा. पानांचे आकडे मोजत गेली. एकशे दहा, एकशे अकरा, एकशे चौदा.

एकशे अकराचं पान चिमटीत जाड लागत होतं.

किटली ठेवली, वाफ धरली, लोण्याची सुरी घातली. कणकेची खळ चाळीस वर्षांत खडखडीत झाली होती. पानं सुटायला अर्धा तास गेला.

एकशे बारावर गावच्या सुईणीची जबानी होती. तेव्हा लग्नाशिवाय मूल होणार असलं की सुईणीनं कळा ऐन भरात आल्यावर बापाचं नाव विचारायचं, आणि नाव सांगेपर्यंत हात लावायचा नाही, असा रिवाज होता. त्या वेदनेत बाई खोटं बोलत नाही म्हणे. सायलेन्स विलेट, वय वीस, कॅप्टन पेल्टनच्या घरची मोलकरीण. तिनं तीनदा तेच नाव सांगितलं. आपण नको म्हटलं होतं आणि त्यानं दाराला आडणा घातला, हेही सांगितलं. नाव जोथम पेल्टन.

एकशे तेरावर पंधरा दिवसांनंतरचा हुकूम होता. सदर सायलेन्स हिला गावावर भार होऊ नये म्हणून हद्दीबाहेर नेऊन सोडावं. मूल मात्र गावानं ठेवून घ्यावं आणि एकवीस वर्षांचं होईपर्यंत कॅप्टन पेल्टन यांच्या घरी बिनपगारी कामाला बांधून द्यावं. तारीख चोवीस जानेवारी. खाली मुख्य पंच म्हणून सही, शेपूट काढलेली, ऐटदार. जोथम पेल्टन.

हेस्टरनं ते तीनदा वाचलं. पोटच्या पोराला गडी करून घेतलं होतं त्यानं, आणि त्या ओल्या बाळंतिणीला बर्फात हाकलायचा हुकूम स्वतः सही करून काढला होता. गावचा चौक याच्या नावाचा, शाळा याच्या नावाची, रविवारच्या उत्सवात केकवरसुद्धा याचाच चेहरा निघणार होता. तिनं उठून खिडकी उघडली.

वही बगलेत मारून ती तडक मिस अपहमकडे गेली. पाय न पुसता.

मिस अपहमनी वही पाहिली आणि त्यांची हनुवटी किंचित हलली. मग स्थिर झाली.

"तुला काय वाटलं, मला आनंद झाला होता का ते वाचून?" त्या म्हणाल्या. "गावाला एक माणूस हवा असतो, हेस्टर. मान वर करून बघायला."

"आणि सायलेन्स?"

"ती कोण होती? कुणाचीच नाही."

"डॉर्कसची होती! वर्गात तुम्ही तिचं तोंड साबणानं धुतलंत. खरं बोलली म्हणून?"

"तेव्हा मला हे माहीत नव्हतं," मिस अपहम म्हणाल्या. मग जरा थांबून, "नंतर कळलं."

"नंतर पानं चिकटवलीत. आणि एप्रिलमध्ये ओहायोचं पत्र आलं, तेव्हा दगड खरवडून वाचलात आणि आडवा केलात."

"अडतीस वर्षं ज्यावर उभी आहे ते एका मास्तरानं पत्र लिहून पाडायचं? अकराशे बायका माझ्या शब्दावर आपल्या मुलींना सांगतात, आपण कोण ते. बायबलचं पान लिहिलं मी. लिहावं लागलं. पुराव्याची जागा रिकामी होती." आवाज पहिल्यांदा चिरकला. "वेंडेल त्यावरून घर मागेल हे माझ्या मनातही नव्हतं."

"पण मागितलं, तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

मिस अपहमचा हात ब्लाउजवरच्या पिनेकडे गेला आणि तिथेच राहिला. हेस्टरला वाटलं होतं आपल्याला कीव येईल. आली नाही. अडगळीत मेलेल्या उंदराचा वास सापडावा, तसं काहीतरी वाटलं.

७

शुक्रवारी दुपारी गावसभेच्या खोलीत हेस्टरनं दोन्ही पानं मोठ्यानं वाचली. वेंडेल आधी हरकत घेत उठला, सुईणीची जबानी संपेपर्यंत खाली बसला होता, आणि हुकूम वाचून होईपर्यंत दार गाठून होता. दगडाचा कागदावर घेतलेला ठसा टेबलावर पसरलेला होता. मुख्य पंच स्टॉडर्ड यांनी तो पाहिला, मृत्युपत्र पाहिलं, जोबपासूनची साखळी पाहिली.

"स्पष्ट आहे," ते म्हणाले. "कॅप्टनच्या रक्ताचं जिवंत माणूस एकच. अभिनंदन, मिस विलेट."

डॉर्कस पहिल्या बाकावर बसली होती. ती एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट चोळत होती, काही लागलंय ते निघत नाही तसं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "म्हणजे तो माझ्यात आहे."

स्टॉडर्डनी घाईनं छापील कागद पुढे केला. "एवढं भरून सही केली की घर तहहयात तुमचं. 'माझं कॅप्टन जोथम पेल्टन यांच्याशी रक्ताचं नातं आहे,' आणि खाली नात्याचा तपशील. दानपत्रातच अट आहे, हा कागद चौकटीत घालून घराच्या दर्शनी दालनात कायम लावायचा."

डॉर्कसनं कागद उचलला, लांब धरला. "त्याचं नाव छापलंय. तिचं कुठेच नाही."

"ते तपशिलात लिही," हेस्टर म्हणाली.

"नाही लिहिलं तर घर जाईल?"

"हो."

"शिसारी येतेय मला, हेस्टर. या माणसाला आजोबा म्हणून सही करायची."

"मलाही येतेय."

डॉर्कस वाकली आणि शाळेत शिकवलेल्या गोल अक्षरात सावकाश लिहायला लागली. खोलीत पेनाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. लिहून झाल्यावर तिनं सही केली आणि कागद स्टॉडर्डपुढे सरकवला. त्यांनी वाचला आणि त्यांचे कान लाल झाले.

"मिस विलेट, परवा सगळ्या राज्यातून लोक येणार आहेत. लहान मुलं असतील. हे जरा सौम्य शब्दांत..."

"कुठला शब्द खोटा आहे?"

स्टॉडर्डनी पुन्हा वाचलं. मग कागद हेस्टरकडे दिला. हेस्टरनं गावाचा शिक्का काढला आणि गरजेपेक्षा जोरात मारला.

रविवारी सकाळी दहा वाजता घराचं दार उघडलं. पाहुण्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. टोप्या, फुगे, उकाडा. आत येणारी पहिली बाई चौकटीपुढे थांबली, चष्मा लावून वाचायला लागली.

"सायलेन्स विलेट ही कॅप्टनची मोलकरीण होती. तिनं नको म्हटलं होतं. त्यानं तिला बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत गावाबाहेर काढलं आणि तिच्या मुलाला याच घरात फुकट राबवलं. मी त्या मुलाची."

बाईनं एकदा वाचलं. परत पहिल्यापासून वाचायला घेतलं. मागची रांग तटली, कुणीतरी पुढे सरका म्हणून ओरडलं.

"सावकाश वाचा," डॉर्कस स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मी कुठे जात नाही."